संचात चॅनेल भरून देणाऱ्या इंदूरच्या हॅम मंडळींस खुले पत्र

प्रति,
इंदूर आणि महू परिसरातील हौशी रेडिओ (हॅम) परवानाधारक,
विशेषतः नव्या मंडळींचे संच प्रोग्राम करून देणारे ज्येष्ठ मित्र यांस,

विषय : प्रक्षेपणाची मर्यादा संचातच घालून देण्याबाबत

स. न. वि. वि.

परीक्षा उत्तीर्ण होऊन व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतले आपले ओळखनाव, हाती आला, की नवा परवानाधारक ऑनलाइन मागवलेला हँडसेट पिशवीत घालून आपल्यापैकी कोणाच्या तरी दाराशी येतो आणि म्हणतो, ‘काका, यात जरा चॅनेल भरून द्या ना.’ आपण लॅपटॉप उघडतो, केबल लावतो, आपल्याजवळ वर्षानुवर्षे पडून असलेली फाइल चढवतो, तेवढ्यात चहा होतो आणि संच परत जातो. पंधरा मिनिटांच्या या कामाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. हे काम मी स्वतः असंख्य वेळा केले आहे आणि एकदा फार वाईट केले आहे, म्हणून आरंभ माझ्या चुकीपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठजण सरावासाठी जानापावच्या टेकडीवर गेलो होतो. बरोबर पाच नवी मुले होती आणि त्यांचे संच आदल्या रात्री मीच भरले होते. रिपीटरचे, म्हणजे आपला आवाज ऐकून तो पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्राचे, खरे आकडे येथे देण्याचे कारण नाही. उदाहरणासाठी असे धरू, की रिपीटर १४५.७०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो आणि आपण त्याच्याशी ६०० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे १४५.१०० वर बोलायचे असते. ती फाइल करताना शिफ्टच्या, म्हणजे ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या आकड्यांतील फरकाच्या, रकान्यात मी उणेऐवजी अधिक निवडले. एक चिन्ह चुकले. पडद्यावर १४५.७००, संचाच्या काचेवर १४५.७००, चॅनेलचे नावही अगदी बरोबर. परंतु बटण दाबले की संच १४६.३०० वर बोलू लागे आणि भारतात आपला दोन मीटरचा पट्टा (हे नाव लहरीच्या लांबीवरून) १४६ वर संपतो.

टेकडीवर पोहोचल्यावर रिपीटर काही उघडेना. मुलांना वाटले बॅटरी उतरली, अँटेना नीट बसला नाही किंवा टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा खुणेचा सूर, चुकला. म्हणून ती पुन्हा पुन्हा पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबत राहिली. एकजण मोकळी जागा मिळावी म्हणून देवळामागच्या कड्यापर्यंत गेला आणि तेथून पूर्ण पॉवरवर हाका मारू लागला. जानापाव सभोवतालच्या पठारापासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे; एवढ्या उंचीवरून या लहरींचे क्षितिज सत्तर किलोमीटरच्या आसपास जाते. खाली महूची छावणी, पलीकडे इंदूर शहर. आमच्यातल्या एका मित्राने लॅपटॉपला टीव्हीचा डाँगल लावून स्पेक्ट्रम उघडला होता. त्याने मला हाक मारून पडद्यावर बोट ठेवले. १४६.३ वर पिवळी रेघ उमटत होती, आणि कड्यावरचा मुलगा बटण सोडी तेव्हाच ती विझत होती. साधारण वीस मिनिटे आम्ही दुसऱ्याच्या घरात बोलत होतो. कोणाच्या, ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. पण त्याहून अधिक मनाला लागले ते असे, की त्या पाच मुलांपैकी एकाचीही काही चूक नव्हती. त्यांनी नियम पाठ केले होते, परीक्षेत पट्टे बरोबर लिहिले होते. मोडला तो मी भरून दिलेल्या संचाने.

आपल्या मुलांच्या हाती सर्वांत जास्त दिसणारा बाओफेंग यूव्ही-५आर घ्या. या संचाची झेप १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ, आणि वरच्या भागात ४०० पासून ४८० किंवा ५२० मेगाहर्ट्झपर्यंत असते. आपल्याला त्यातून मिळालेले आहे ते १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८, म्हणजे शंभराहून अधिक मेगाहर्ट्झपैकी केवळ सहा. उरलेल्या जागेत कोण कोण राहतो, हे मुलांना एकदा तरी सांगितले पाहिजे. विमानांचा बोलण्याचा पट्टा ११८ पासून १३७ पर्यंत आहे. त्याचा शेवटचा मेगाहर्ट्झ या संचाच्या आवाक्यात येतो, आणि बिजासनच्या टेकडीवर उभे राहून कोणी बटण दाबले तर विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. जहाजांचे संकटाचे चॅनेल १५६.८ वर आहे. माळव्यात जहाज नाही हे खरे, परंतु याच मुलांपैकी काही उद्या नोकरीसाठी मुंबईला जाणार आहेत. ४०६ मेगाहर्ट्झवर विमाने आणि जहाजे यांवरील संकटसूचक बीकनचा आवाज कोस्पास-सारसॅट या व्यवस्थेचे उपग्रह ऐकत असतात. शिवाय पोलीस, रुग्णवाहिका, रेल्वे, कारखाने आणि आपल्या अगदी शेजारी सैन्य. महूला सिग्नल कोअरचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, हे आपल्यातल्या निम्म्यांना वेगळे सांगायला नको. कित्येकांना या छंदाची गोडी तिथल्याच एखाद्या निवृत्त सुभेदारसाहेबांनी लावली.

आपली फाइल बहुतेक वेळा परदेशातून आलेली असते, ही दुसरी अडचण. अमेरिकेत दोन मीटरचा पट्टा १४८ पर्यंत जातो, म्हणून तिकडच्या कोणत्याही तयार यादीत १४६.५२० हे चॅनेल मानाने पहिले बसलेले असते. तेथे ते सर्वांच्या भेटीचे ठिकाण आहे, येथे ते सीमेपलीकडे आहे. तसेच ४६२ मेगाहर्ट्झच्या घरातली त्यांची कौटुंबिक चॅनेले. मी एका विद्यार्थ्याच्या संचात अशी बावीस चॅनेले पाहिली, आणि प्रत्येकावर प्रक्षेपण चालू. युरोपसाठी बनलेला संच घेतला तर दोन मीटरवर तो नेमका आपल्यासारखा १४४ ते १४६ असतो, त्यामुळे मन निश्चिंत होते. पण सत्तर सेंटीमीटरवर तो ४३० ते ४४० उघडा असतो आणि आपल्याकडे दोन्ही बाजूंचा मिळून सहा मेगाहर्ट्झचा भाग आपला नाही. लघुलहरींवरही हेच. अमेरिकी पुस्तक वाचून कोणी ७.२५० वर जाऊन बसला तर तेथे त्याला आंतरराष्ट्रीय प्रसारण केंद्रे भेटतील, कारण आपला चाळीस मीटरचा पट्टा ७.००० ते ७.२०० एवढाच आहे. ज्यांनी जपानी बनावटीच्या मोठ्या संचातला डायोड कापून तो सर्वत्र ‘मोकळा’ करून घेतला आहे, त्यांनी आपला संच आता कोणाच्याही भरवशावर नाही, केवळ आपल्या स्मरणावर उभा आहे, एवढे ओळखून असावे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. चर्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये संचाची फाइल आधी उतरवून घ्यावी आणि त्याच फाइलमध्ये बदल करावेत. दुसऱ्याच्या संचाची फाइल जशीच्या तशी चढवू नये. यूव्ही-५आरच्या सेटिंगमध्ये व्हीएचएफ आणि यूएचएफ यांच्या खालच्या आणि वरच्या मर्यादेची घरे आहेत. त्यांत १४४ व १४६ आणि ४३४ व ४३८ लिहावेत. मात्र तेवढ्याने काम झाले असे समजू नये. वरचा आकडा संच ‘१४६ पर्यंत’ असा वाचतो की ‘१४६चा पूर्ण मेगाहर्ट्झ संपेपर्यंत’ असा, हे बाहेरून कळत नाही. अँटेना काढून डमी लोड (लहरी हवेत न सोडता शक्ती जिरवणारा भार) लावावा, पॉवर कमी ठेवावी, आणि कडेच्या अलीकडे-पलीकडे एकेकदा क्षणभर बटण दाबून दुसऱ्या रिसीव्हरवर पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण आपल्यातले फारच थोडे ते करतात. मीही जानापावनंतर करू लागलो.

चॅनेलच्या तक्त्यात शिफ्टच्या रकान्यात अधिक आणि उणे यांखेरीज ‘ऑफ’ असा एक पर्याय असतो, तो आपल्याकडे जवळजवळ कोणी वापरत नाही. ‘ऑफ’ निवडले की ते चॅनेल फक्त ऐकण्याचे होते. बटण दाबले तरी संच बोलत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० वर येतो. ही फ्रिक्वेन्सी आपल्या पट्ट्यातच आहे, म्हणजे मर्यादेचे कोणतेही कुलूप तेथे आपल्याला अडवणार नाही. तरीही तेथे बोलायचे नसते, कारण त्या घटकेला शेकडो किलोमीटर परिसरातले लोक त्या क्षीण आवाजाला कान लावून बसलेले असतात. असे प्रत्येक चॅनेल ‘ऑफ’ करूनच मुलाच्या हाती द्यावे.

कडेजवळची आणखी एक गोष्ट नव्या मंडळींना कोणी समजावून देत नाही. काचेवर दिसतो तो आकडा म्हणजे आपल्या आवाजाच्या रुंदीचा केवळ मध्य असतो. पाच किलोहर्ट्झ डेव्हिएशन (बोलण्याबरोबर फ्रिक्वेन्सीचे मागे-पुढे सरकणे) आणि तीन किलोहर्ट्झपर्यंतचा बोलण्याचा आवाज धरला तर एफएमला सुमारे सोळा किलोहर्ट्झ जागा लागते, आठ या अंगाला आणि आठ त्या अंगाला. म्हणजे १४६.००० वर बरोबर उभा असलेला माणूस निम्मा बाहेर असतो. अंतराळ स्थानकाच्या रिपीटरशी बोलण्याची फ्रिक्वेन्सी १४५.९९० आहे, तिची वरची कड १४५.९९८ वर येते आणि केवळ दोन किलोहर्ट्झ शिल्लक राहतात. स्थानक दूर जाताना डॉपलरची, म्हणजे वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकाची, भरपाई म्हणून कोणी तीन किलोहर्ट्झ वर सरकला, तर तो सीमेबाहेर बोलतो. म्हणून हे चॅनेल एकच भरावे, वरचे-खालचे जोडीदार भरू नयेत. ऐकणाऱ्या बाजूला एवढा फरक एफएममध्ये खपून जातो. सिंगल साइडबँड या बोलण्याच्या दुसऱ्या पद्धतीत तर सर्व आवाज आकड्याच्या एकाच अंगाला असतो. वीस मीटरवर वरचा साइडबँड वापरतात, तेव्हा १४.३५० च्या कडेपाशी तबकडी १४.३४७ च्या पुढे नेता येत नाही. चाळीस मीटरवर खालचा वापरतात, तेव्हा ७.००० ऐवजी ७.००३ ही खरी खालची सीमा ठरते.

येथून पुढचे काही परिच्छेद घरी संच बांधणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांना कोडशी देणेघेणे नाही त्यांनी ते सोडून पुढे जावे. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या आराखड्यांवरून बांधलेले संच इंदुरातही बरेच आहेत. त्यांचा मायक्रोबिटेक्स ३ ते ३० मेगाहर्ट्झ सलग चालतो, म्हणजे हौशी पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतही तो तितक्याच आनंदाने बोलतो. त्याचे कोड खुले आहे, आर्डुइनो या छोट्या संगणक-पाटीवर चालते, आणि मर्यादा घालायची तर आपल्यालाच घालता येते. हौशी परवान्याने आपल्याला स्वतःचा प्रक्षेपक स्वतः बांधण्याची मुभा दिली आहे. टॅक्सीवाल्या कंपनीला किंवा सुरक्षारक्षकांच्या एजन्सीला ती नाही. म्हणूनच कारखान्याने जी भिंत घातली असती ती येथे आपणच घालायची आहे.

बहुतेकजण तपासणी चुकीच्या जागी लिहितात, असे मला इतरांची कोडे वाचताना आढळले. तबकडी फिरवताना आकडा पट्ट्याबाहेर गेला की अडवायचे, असा विचार सहज सुचतो. परंतु मेमरीतून आकडा आला, दुसरा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) निवडला, किंवा लॅपटॉपवरून आज्ञा आली, तर ती तबकडीच्या वाटेने येतच नाही आणि दारावरचा रखवालदार झोपलेला राहतो. तपासणी पीटीटी दाबल्या क्षणी, प्रक्षेपण चालू करणारा रिले खेचण्याच्या अगदी आधी करावी. आणि तपासायचा तो ऐकण्याचा आकडा नव्हे, तर स्प्लिट, शिफ्ट, साइडबँड असे सर्व काही धरून प्रत्यक्ष हवेत जाणार असलेला आकडा. माझी जानापावची चूक अशा तपासणीत पहिल्याच क्षणी पकडली गेली असती. पट्ट्यांचा तक्ता करताना ‘येथे बंद’ अशी यादी लिहू नये, ‘येथेच चालू’ अशी लिहावी, म्हणजे तक्त्यात जे नाही तेथे संच आपोआप गप्प राहील.

आकडे नेहमी हर्ट्झमध्ये, पूर्णांकात आणि ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये ठेवावेत. याचा धडा मला एका हुशार मुलाच्या कोडने दिला. त्याने वीस मीटरचे आकडे किलोहर्ट्झमध्ये साध्या ‘इंट’मध्ये ठेवले होते, १४३५० त्यात व्यवस्थित मावत होते. पुढे त्याने दोन मीटरसाठी त्याच कोडमध्ये १४५७०० लिहिले. आर्डुइनो नॅनोवर ‘इंट’ ३२७६७ पर्यंतच जातो; आकडा गुंडाळला जाऊन त्याचे १४६२८ झाले. कंपायलर काही बोलला नाही, संच सुरू झाला, काचेवरही काही वावगे दिसले नाही, कारण काचेसाठी आकडा वेगळ्या ठिकाणाहून येत होता. आम्ही दोघे राजेंद्रनगरात माझ्या गच्चीवर संध्याकाळभर डोके धरून बसलो होतो. शेवटी सीरिअल मॉनिटरवर १४६२८ दिसले तेव्हा तो मुलगा आधी हसला आणि मग एकदम गंभीर झाला. तो गंभीर झाला, हे मला फार आवडले. फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकाची चूकही सीमेत धरावी: वीस पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत वीस एवढी चूक असलेल्या, साध्या स्फटिकाने १४ मेगाहर्ट्झवर २८० हर्ट्झचा फरक पडू शकतो, तेव्हा कडेपासून अर्धा किलोहर्ट्झ आत राहायला काही खर्च येत नाही. हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींत उमटणाऱ्या नको त्या लहरी, मात्र कोडने आवरत नाहीत. त्यांना लो-पास फिल्टरच लागतो.

आता आपल्यापैकी काहींचा नेहमीचा आक्षेप. आपत्तीच्या वेळी संच उघडा असेल तर कोणाशीही बोलता येईल, मग कुलूप कशाला? हा विचार प्रामाणिक आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. परंतु २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून हॅम मंडळींनी जे काम केले ते आपल्याच पट्ट्यांवर केले. त्यांचा उपयोग झाला तो दूरवर ऐकू येणाऱ्या सरावलेल्या संचांचा आणि शिस्तीने निरोप नेणाऱ्या माणसांचा. पोलिसांच्या चॅनेलवर अचानक घुसलेल्या अनोळखी आवाजाने गोंधळात भरच पडली असती. पोलिसांशी बोलायचे असेल तर नियंत्रण कक्षात आपला एक माणूस आपला संच घेऊन बसवणे, हीच चालणारी रीत आहे.

दुसरा आक्षेप असा, की दोष विकणाऱ्यांचा आहे. अंशतः मान्य. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि संचाचा फ्रिक्वेन्सी पट्टा, परवान्याची गरज यांची माहिती विक्रीच्या पानावरच असली पाहिजे असे सांगितले. ते व्हायलाच हवे होते. पण दुकानातून निघालेला संच मुलाच्या कमरेला लागण्यापूर्वी आपल्या टेबलावर येतो; तेथे तो तसाच पुढे गेला तर विक्रेत्याकडे बोट दाखवायला आपल्याला तोंड राहत नाही.

म्हणून माझी विनंती अशी. इंदूर-महू परिसरासाठी चॅनेलांची एकच फाइल असावी. ती येथे, आपल्या नियमांवरून, कोऱ्या तक्त्यापासून लिहावी, आणि एकाने लिहिलेली दुसऱ्याने चॅनेलागणिक वाचावी, शिफ्टचे चिन्ह मोठ्याने उच्चारून. प्रत्येक चॅनेलचा प्रत्यक्ष बोलण्याचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहिलेला असावा. अधिक-उणे पाहून मनात बेरीज करायची वेळ कोणावर येऊ नये. संच परत देताना पाठीमागे छोटी चिठ्ठी चिकटवावी: कोणी भरला, कोणत्या तारखेला, डमी लोडवर तपासला की नाही. चिठ्ठीवर स्वतःचा कॉलसाइन लिहावा लागला की हात आपोआप जरा सावकाश चालतो, असा माझा अनुभव आहे.

ही फाइल करण्यासाठी येत्या तीन रविवारी सकाळी नऊपासून माझी गच्ची मोकळी आहे. डमी लोड, फ्रिक्वेन्सी काउंटर आणि दोन प्रकारच्या केबली माझ्याकडे आहेत, पोहे-जिलेबीचेही पाहतो. ज्यांनी माझ्याकडून २०१९ पूर्वी संच भरून घेतले आहेत त्यांनी ते अवश्य घेऊन यावेत. जानापावची ती फाइल मी दुरुस्त केली. पण त्याआधी ती आणखी कोणाकोणाला दिली होती, याची नोंद मी ठेवलेली नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना हॅम
राजेंद्रनगर, इंदूर